पाचव्या प्रकरणातला डिंक

सांगलीला निघालेल्या जीपमध्ये अकरा माणसं होती, एक नवंकोरं घोंगडं होतं आणि हरभऱ्याएवढा डिंकाचा खडा होता. माणसं आणि घोंगडं सगळ्यांना दिसत होतं. डिंकाचं मला एकट्याला ठाऊक, कारण तो तीन वर्षं माझ्या छातीत अडकला होता.

आमची हिवरवाडी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. इतकी शिवेवर, की ढग आला तर साताऱ्याचा ढग म्हणतो हे सांगलीचं काम, सांगलीचा म्हणतो साताऱ्याचं, आणि दोघंही न पडता निघून जातात. तिथल्या बिरोबाचा मी पुजारी, अर्जुना. वाडी मला आबा म्हणते, आणि पाठ वळली की थापाड्या म्हणते. दोन्ही बरोबर आहे.

जीप सिद्धू हाकत होता. हा माझा पुतण्या, सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. त्याच्या शेजारी माझा थोरला लेक धनाजी. मेंढरं राखता राखता त्याचा स्वभावही मेंढराचा झाला आहे. एकदा मान खाली घातली की वर काढत नाही.

"धनाजीदा," सिद्धू म्हणाला, "आज तुजी क्रांती डाक्टर झाली म्हंजी सुई मारनार का?"

"सुई मारायचा डाक्टर न्हवं त्यो."

"मग काय करत्यात त्यात?"

"इचार करत्यात."

"आन त्याला पगार हाय? कमाल है! आमाला फौजेत इचार केला की शिक्षा हुती."

मागे सगळे हसले. धनाजी हसला नाही. समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, "आज झाली पदवी तर पुढचं तिचं तिनं ठरवायचं. लगीन करंल न्हाईतर न्हाई करंल. भर वाडीत शब्द दिलाय मी. पन न्हाई झाली, तर परवा शिरवळची मान्सं सुपारी फोडाय येत्यात. आता देवाला बी इचारनार न्हाई. तीन साल इचारून बगितलं."

मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती बाभळ.

आता कौलाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं कुणाला काही ठरवायचं असलं की पुजारी देवाच्या दोन खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवतो. घरचा कर्ता माणूस प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि दिवस मावळेपर्यंत एकही पडली नाही तर देव गप्प. देव गप्प बसला की त्या कामाला हात लावायचा नाही आणि ते सोडूनही द्यायचं नाही. पुढच्या जत्रेला पुन्हा विचारायचं. आणखी एक रीत अशी, की ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्या माणसानं देवळाबाहेर थांबायचं.

तीन वर्षांपूर्वी, क्रांतीनं विद्यापीठात तर्कशास्त्राच्या पीएचडीला नाव घातलं त्याच साली, धनाजीनं विचारलं, "पोरीचं लगीन अवंदा करावं का?" पोरगी बाहेर चिंचेखाली बसली होती. तिच्या मांडीवर पुस्तक होतं, पण ती पान उलटत नव्हती. ते मी गाभाऱ्यातून बघितलं. देवाच्या तोंडी नाही घालायचं माझं धाडस झालं नाही. ते खोटं झालं असतं. पण देवाला गप्प बसवायचं धाडस झालं. बाभळीचा डिंक, हरभऱ्याएवढा, दोन्ही पाकळ्यांखाली. पुढच्या जत्रेला स्थळ बदललं, प्रश्न तोच. डिंकही तोच. त्याच्या पुढच्या जत्रेलाही.

आणि ही शहाणी पोरगी! पुस्तकांच्या ढिगात बसून तिला प्रबंधाला विषय कुठला सुचावा? आपल्या वाडीचा गप्प कौल. खरं आणि खोटं यांच्यामध्ये तिसरं काही असतं का, आणि असलं तर त्यावर माणसं पुढचं अनुमान कसं करतात, यावर तिनं दोनशे साठ पानं लिहिली. वाडीत बसून एकशे चाळीस कौल टिपले. तिनं मला पाचवं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा मी ताक पीत होतो. त्यात माझ्या डिंकाचे तिन्ही कौल होते. पेला तसाच राहिला.

कॉलेजच्या दारात तिच्या मार्गदर्शक बाई उभ्या होत्या, फरीदा मुजावर मॅडम. धनाजीनं घोंगडं पुढं केलं. "हे मोठ्या सायबास्नी."

"आत्ता नको, धनाजीराव. आधी दिलं तर लाच, नंतर दिलं तर सत्कार. गाडीतच राहू द्या."

"मॅडम, पोरीचं हुईल न्हवं?"

"प्रबंध चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "देशिंगकर सर मात्र शंका काढल्याशिवाय चहा पीत नाहीत."

हे देशिंगकर म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक. बारीक अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्यापुढं प्रबंध ठेवला होता आणि त्यातून पिवळ्या कागदाच्या इतक्या खुणा बाहेर आल्या होत्या की वही नव्हे, झेंडूचं फूल वाटावं. पीएचडीची ही तोंडी परीक्षा, व्हायवा, उघडी असते. कुणीही येऊन बसावं, शेवटी कुणीही प्रश्न विचारावा. आमची अकरा माणसं तिसऱ्या रांगेत बसली. हिरव्या साडीत क्रांती पुढं उभी होती. तिनं आमच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

सुरुवात बरी झाली. अर्धा तास ती बोलली. त्यातलं मला कळलं ते इतकंच की पोरगी अडखळत नाही. मग देशिंगकरांनी पहिली खूण उघडली.

"तुम्ही 'गप्प' याला तिसरं मूल्य म्हणता. मी म्हणतो, ते मूल्यच नाही. उत्तर मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिकाम्या भांड्याला तुम्ही तिसरा पदार्थ म्हणता आहात."

"सर, मेंढरू हरवलं तर आमची माणसं म्हणतात, 'अजून कळलं न्हाई.' कौल पडला नाही तर म्हणतात, 'देव गप्प हाय.' ही दोन वाक्यं वाडीत कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिलं म्हणणारा शोधत फिरतो. दुसरं म्हणणारा घरी जाऊन बसतो."

"चांगभलं!" सिद्धू ओरडला. नुसता ओरडला असता तर ठीक. खिशातून भंडाऱ्याची चिमूट काढून त्यानं उधळलीसुद्धा. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकाचं टक्कल पिवळं झालं. शिपाई धावत आला. मॅडमनी डोळे मिटले. देशिंगकरांनी मात्र प्रबंधावर पडलेली हळद फुंकरली आणि पुढची खूण उघडली.

"पान एकशे ब्याण्णव. एकशे चाळीस कौल. पाकळी पडायला सरासरी अकरा मिनिटं. बारा वेळा देव गप्प. त्यांतले तीन एकाच घरात, घर क्रमांक सात, ओळीनं तीन जत्रा, आणि प्रश्नही एकच. हे तुम्हाला विचित्र वाटलं नाही?"

"वाटलं, सर. मी पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, देवाची मर्जी."

"पुजारी विश्वासू आहेत?"

क्रांतीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"पुजारी माझे आजोबा आहेत."

"आणि घर क्रमांक सात?"

"ते माझं घर आहे, सर."

देशिंगकरांनी प्रबंध मिटला. हळूच मिटला, पण मला तो दार लावल्यासारखा ऐकू आला. "हे प्रबंधात कुठंही लिहिलेलं नाही. ज्या नोंदींवर सगळ्या प्रकरणाचा भार आहे, त्या तुमच्याच घरातल्या आणि तुमच्याच आजोबांच्या शब्दावरच्या. अशा वेळी प्रबंध परत पाठवावा लागतो. सहा महिने. कदाचित वर्ष."

परवा शिरवळची माणसं येणार होती. धनाजीच्या मानेवरची शीर फुगलेली मला शेजारून दिसत होती.

अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि रिवाज म्हणून विचारलं, "सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे?"

मी उभा राहिलो. गुडघे आधी उठले, मी मागाहून.

"इचारायचं न्हाई. सांगायचं हाय. सात नंबरच्या घराला देव गप्प न्हवता. मी पाकळ्याखाली बाभळीचा डिंक लावला हुता. तिन्ही वक्ताला."

मग सिद्धूनं माझं धोतर ओढलं. "बसा आबा, इथं थापा मारू नगा! सायेब, ह्यांचं काय मनावर घिऊ नका. ह्यांनी आमाला सांगितलं हुतं, एक साली उनानं ह्यांची सावली भाजली, आन तिला हळद लावून आठ दिस घरात ठेवली."

"धा दिस," मी म्हणालो. जीभच तशी, काय करू?

देशिंगकरांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आपण खोटं बोलता."

"बोलतो की."

"आत्ता?"

"आत्ता न्हाई."

"खोटं बोलणारा माणूसही हेच म्हणेल."

"म्हनंल. पन खोटं बोलायचं तर मान्सं नातीच्या भल्याचं बोलत्यात, सायेब. हे भल्याचं हाय व्हय?"

ते हसले नाहीत. क्रांतीकडं वळले. "उत्तर तुम्ही द्या. आजोबा खरं बोलत असतील, तर नोंदी बनावट. खोटं बोलत असतील, तर नोंदी एका खोटारड्याच्या शब्दावरच्या. कुठल्याही वाटेनं गेलात तरी पाचवं प्रकरण पडतं. तुम्ही तिसऱ्या मूल्यावर लिहिलंत. इथं तिसरी वाट आहे का?"

क्रांती माझ्याकडं बघत होती. ती लहान असताना, मी सांगितलेली गोष्ट खोटी आहे हे कळल्यावर ती रडायची नाही. 'मग खरं काय झालं हुतं?' असं विचारायची. तीच नजर. फक्त या वेळी डोळे भरले होते आणि ती ते गळू देत नव्हती.

"तीन नोंदी गेल्या, सर," ती म्हणाली. "दोन्ही वाटांनी गेल्या. त्या मी काढते. घर माझं आहे हे लपवायला नको होतं. ती चूक माझी. पण बाकीच्या एकशे सदतीस कौलांना मी स्वतः घड्याळ घेऊन देवळात बसले होते. त्या नोंदी आबांच्या शब्दावर नाहीत. या तिन्ही वेळी मला बाहेर बसावं लागलं, कारण प्रश्न माझ्याबद्दल होता."

"आणि त्या एकशे सदतीस पाकळ्यांखाली काय होतं?"

"मला माहीत नाही. पण माझा दावा पाकळीबद्दल नाहीच. देव गप्प आहे असं धरल्यावर माणूस पुढं कसा विचार करतो, हा माझा दावा आहे. आधारविधान खोटं निघालं म्हणून अनुमानाचा आकार बदलत नाही."

"हे पुस्तकातलं झालं. वाडीत तसंच चालतं याला पुरावा काय?"

क्रांतीनं आमच्या रांगेकडं बघितलं.

"सर, तुम्ही म्हणालात, गप्प म्हणजे नुसतं उत्तर नसणं. तसं असेल, तर आज डिंकाचं कळून काहीच बदलत नाही. आधीही उत्तर नव्हतं, आताही नाही. माझं म्हणणं खरं असेल, तर सगळं बदलतं. तीन जत्रा प्रश्न विचारणारा माणूस तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला हे आत्ताच, तुमच्यासमोर कळलंय. त्यालाच विचारा."

मुजावर मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"तुमचे वडील? ते काय म्हणतील, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही, सर."

"आणि त्यांनी 'मला काही फरक पडत नाही' असं म्हटलं तर?"

"तर प्रबंध परत पाठवा," क्रांती म्हणाली.

आमची रांग गार पडली. पोरीनं तीन वर्षांचं शिक्षण बापाच्या तोंडावर नेऊन ठेवलं, आणि तेही कुठल्या वेळेला! बापाच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्याला फक्त खांदे उडवायचे होते. 'मला काय कळतंय त्यातलं' एवढं म्हटलं असतं तरी परवाची सुपारी फुटली असती.

धनाजी उठला. देशिंगकरांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं वळला.

"आवं आबा, तीन साल. तीन साल मी त्या देवाम्होरं नाक घासलं."



"तुमच्या वडिलांनी देवाला गप्प ठेवलं," देशिंगकर सावकाश म्हणाले, "पण उत्तर तर तुम्हाला तेव्हाही मिळालं नव्हतं, आजही नाही. मग फरक काय पडला?"

"फरक काय?" धनाजीचा आवाज चढला. "सायेब, बिनउत्तराचा असतो तर त्याच सांजंला औंधाला गेलो असतो, यमाईला इचारलं असतं. मी थांबलो, कारन देव थांब म्हनला. गप्प बसनं बी त्यानं सांगितल्यालंच असतंय! ह्यांनी काय केलं? त्याचं तोंड धरलं. तोंड धरल्यालं आन गप्प बसल्यालं एकच हाय व्हय?"

देशिंगकर पुढं झुकले. "पुन्हा सांगा."

"परत कशाला? एकदा सांगितल्यालं लागलं न्हाई व्हय?"

आणि तो खाली बसला. माझ्या शेजारी नाही. एक खुर्ची सोडून.

देशिंगकर लिहीत होते. लिहून झाल्यावर चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मग ते, अध्यक्षबाई आणि मॅडम शेजारच्या खोलीत गेले. दार लागलं. चाळीस मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ मी बघत होतो. तसं ते चालत नव्हतं, पण चाळीस मिनिटं नक्की. सिद्धूनं पाणी आणलं, सगळ्यांना दिलं, माझ्यापुढं येऊन क्षणभर थांबला आणि मग दिलं. क्रांती खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिच्या पदराला भंडारा लागला होता. तो तिनं झटकला नव्हता.

दार उघडलं. अध्यक्षबाईंच्या हातात कागद होता. क्रांती धनाजी हिला विद्यावाचस्पती पदवी द्यावी अशी शिफारस. अट अशी, की तीन नोंदी काढाव्यात, घराचं नातं उघड लिहावं, आणि 'गप्प' व 'तोंड धरलेलं' यांतल्या भेदावर एक नवं कलम जोडावं.

"ते कलम नीट लिहा," देशिंगकर म्हणाले. "माझी हरकत तुमच्या वडिलांनी मोडली. तळटीपेत त्यांचं नाव घाला." मग त्यांनी चहा मागितला.

घोंगडं धनाजीनंच त्यांच्या खांद्यावर घातलं. सिद्धूच्या खिशातला उरलेला भंडारा शिपायानं आधीच काढून घेतला होता.

परतीच्या वाटेवर क्रांती आमच्याबरोबर जीपमध्ये होती. तासगाव मागं पडलं तरी धनाजी बोलला नव्हता. शेवटी तिनंच विचारलं, "आण्णा, शिरवळच्या मान्सांचं?"

"फोन करतो त्यास्नी, येऊ नगा म्हनून."

"रागावलाय?"

"लय." त्यानं खिशातून फोन काढला. "पन शब्द दिलाय. शब्द काय पाकळी न्हवं, डिंक लावून धरायला."

त्यानं मला एक अक्षर विचारलं नाही. उजवी पडणार होती की डावी, हेसुद्धा नाही. विचारलं असतं तरी मला कुठं ठाऊक होतं? डिंक मी दोन्हींखाली लावला होता.

अकरा दिवसांनी जत्रा आली. देवळात वाडी जमली तेव्हा धनाजीनं पाकळ्यांचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि क्रांतीपुढं धरलं. "तू लाव. आन प्रश्न बी तूच इचार."

"माझा काय प्रश्न राहिलाय, आण्णा?"

"ह्यांचा राहिलाय."

म्हणून मी रीतीप्रमाणं बाहेर जाऊन बसलो. त्याच चिंचेखाली. तिथून गाभारा दिसतो, पण नीट नाही. क्रांतीची पाठ दिसत होती. पाकळ्या ओल्या करून तिनं लावल्या, आणि विचारलेलं बाहेरपर्यंत ऐकू आलं: "आबांच्या हाती पुन्हा पाकळ्या द्याव्या का?"

पंचेचाळीस वर्षं मी त्या गाभाऱ्यात लोकांच्या पाकळ्या बघितल्या. बाहेर बसून वाट बघणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. मुंग्या मोजल्या. चिंचेचा पाला मोजला. मग आत कुणीतरी चुकचुकलं.

डावी. चार मिनिटांत. क्रांतीच्या वहीत नोंद आहे.

आता पाकळ्या धनाजी लावतो. मी देवळाबाहेर बसतो आणि चपला राखतो. गोष्टी ऐकायला पोरं येतातच. फक्त एक राहून गेलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, मी गाभाऱ्यात गेलो होतो. डावा खांदा मोकळा होता. उजव्या खांद्यावरची पाकळी तशीच होती, वाळून कडक झालेली, तरी घट्ट धरलेली. नुसत्या पाण्यानं लावलेली पाकळी इतकी टिकत नाही.

वास घ्यायला मी नाक जवळ नेलं.

मग मागं घेतलं, देवाला हात जोडले आणि बाहेर येऊन बसलो. सकाळी क्रांती चहा घेऊन आली. मी तिला काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. ती नुसती शेजारी बसली.